इराक २००३ : कालपटाच्या कामाच्या नोंदी

२ जून

विषय पक्का झाला: इराक युद्ध, म्हणजे २००३मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने सद्दाम हुसेनच्या इराकवर केलेला हल्ला आणि त्यानंतरची वर्षं. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत कालपट करायचा आणि प्रत्येक ओळीमागे मूळ कागद ठेवायचा. यातली बरीचशी मुलं त्या युद्धानंतर जन्मलेली. बगदादमध्ये सद्दामचा पुतळा पाडतानाची चित्रफीत पाहिलेली असते, फार तर. गटातल्या मोठ्यांची मतं मात्र तेव्हाच ठरून गेलेली आहेत आणि चहाच्या वेळी ती बाहेर पडतातच. एकाच्या मते तो तेलासाठी घातलेला दरोडा, दुसऱ्याच्या मते सद्दामला कुणीतरी हटवायलाच हवं होतं. यातलं एकही वाक्य कालपटात जाणार नाही.

शीटमध्ये रकाने ठरले: तारीख, घटना, कागद, कोणी लिहिला. पाचवा रकाना माझ्या हट्टाने घातला: कोणासाठी लिहिला. आमचे ग्रंथपाल म्हणाले, हाच भरायला सगळ्यात जास्त वेळ जाणार. जाऊ दे. या युद्धात जो तो जगाला काहीतरी पटवत होता. जो कागद कुणाला पटवण्यासाठी लिहिलाच नव्हता, त्याचं वजन वेगळं असणार.

५ जून

अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतलं ५ फेब्रुवारी २००३चं भाषण पूर्ण वाचलं. इराककडे महाविनाशक अस्त्रं आहेत, हे जगाला पटवणारं. भाषणाबरोबर दाखवलेल्या उपग्रहचित्रांच्या स्लाइड्सही मिळाल्या. ते नुसतं वाचलं तर आजही पटतं, इतकं बेतीव आहे. म्हणून मुलांना ते एकटं द्यायचं नाही. त्याच सभागृहातले आणखी दोन दिवस शेजारी ठेवायचे.

१४ फेब्रुवारी: हान्स ब्लिक्स, संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्रनिरीक्षक. पॉवेल यांनी ज्या ठिकाणची हालचाल संशयास्पद म्हणून दाखवली होती, ती नेहमीचीच हालचालही असू शकते, असं ते सांगतात. इराकने सहकार्यात केलेली कुचराईही ते झाकत नाहीत. ७ मार्च: मोहम्मद अल बारादेई, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख. इराकने नायजरकडून युरेनियम विकत घेण्याच्या व्यवहाराची कागदपत्रं अस्सल नाहीत, असं ते उघड सांगतात. हल्ला सुरू झाला २० मार्चला. म्हणजे हे सगळं आधीच, जाहीर सभेत बोललं गेलं होतं. 'तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं' हा युक्तिवाद निदान नायजरच्या बाबतीत टिकत नाही.

एक बारकावा: आफ्रिकेतल्या युरेनियमचं वाक्य अमेरिकी अध्यक्ष बुश यांच्या २८ जानेवारीच्या काँग्रेसपुढच्या भाषणात आहे. आठवड्याभराने पॉवेल यांनी ते गाळलं. भाषणात काय नाही, हेही शीटमध्ये लिहायला हवं. त्यासाठी 'शेरा' रकाना वाढवला.

पॉवेल यांच्या भाषणातला फिरत्या जैविक प्रयोगशाळांचा दावा ज्याच्या सांगण्यावर उभा होता, तो 'कर्व्हबॉल' या सांकेतिक नावाचा इराकी निर्वासित जर्मन गुप्तचरांकडे होता. २०११ साली त्याने स्वतःच कबूल केलं की आपण ते रचून सांगितलं. पण ही ओळ २०११च्या खाली जाईल, २००३च्या खाली नाही. कोणाला केव्हा काय कळलं, याची सरमिसळ झाली की कालपटाचं आरोपपत्र व्हायला वेळ लागत नाही.

१० जून

आज मजा आली. ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी २००३मध्ये पत्रकारांना दिलेलं इराकवरचं दुसरं टिपण. (पहिलं सप्टेंबर २००२चं, ४५ मिनिटांत अस्त्रं सज्ज होतात असा दावा करणारं. ती वेगळी कथा.) या दुसऱ्या टिपणाचा मोठा भाग इब्राहिम अल-मराशी या संशोधक विद्यार्थ्याच्या लेखातून न विचारता उचललेला होता. मुद्रणदोषांसकट! केंब्रिजमधल्या ग्लेन रंगवाला यांना वाचताना मजकूर ओळखीचा वाटला आणि त्यांनी दोन्ही समोरासमोर मांडले. मराशी यांचा लेख मुख्यतः १९९०-९१च्या काळातल्या कागदांवर बेतलेला, आणि सरकारी टिपणात तोच वर्तमान म्हणून आला. कुठे कुठे शब्दही चढवले: मूळ लेखात शत्रुदेशांतल्या 'विरोधी गटांना' मदत, टिपणात 'दहशतवादी संघटनांना'.

पुढे आणखी गंमत. सरकारने ते संकेतस्थळावर वर्डच्या फाइलमध्ये ठेवलं होतं. फाइलच्या पोटात शेवटच्या दहा फेरफारांची यादी, कोणकोणत्या वापरकर्त्यांनी ती हाताळली त्यांच्या नावांसह, तशीच राहिली होती. रिचर्ड स्मिथ या संगणक-सुरक्षा तज्ज्ञाने ती बाहेर काढून मांडली. पाचव्या रकान्यात मी दोन नोंदी केल्या. मजकूर: पत्रकारांसाठी. फेरफारांची यादी: कुणासाठीच नाही.

मुलांना हा प्रयोग वर्गात करून दाखवायचा. साधी फाइल घ्यायची आणि तिचे गुणधर्म उघडायचे.

१४ जून

चिल्कॉट, म्हणजे इराक युद्धातल्या ब्रिटनच्या सहभागाची अधिकृत चौकशी. बारा खंड, सुमारे २६ लाख शब्द. २००९मध्ये चौकशी जाहीर झाली, अहवाल आला ६ जुलै २०१६ला. सगळं वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही आणि मीही तो नव्हे. माझी पद्धत: आधी सारांशाचा खंड, मग हव्या त्या प्रकरणाचे निष्कर्ष, मग तळटीप, आणि तळटिपेतून थेट खुला केलेला मूळ कागद. खरा खजिना त्या कागदांत आहे. अहवाल जनतेसाठी लिहिला, पण मंत्रिमंडळाची टिपणं, संयुक्त गुप्तचर समितीची मूल्यमापनं, पंतप्रधान ब्लेअर यांची बुशना लिहिलेली पत्रं ही एकमेकांसाठीच होती.

२८ जुलै २००२चं पत्र वाचलं. काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन, अशी सुरुवात. वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. पत्र मात्र लांब आहे आणि पुढे ब्लेअर अडचणी मोजत जातात: युरोपचा सूर, संयुक्त राष्ट्रांची गरज, पॅलेस्टाइनचा प्रश्न. विरोधकांनी पहिलं वाक्य वाचावं आणि समर्थकांनी बाकीचं, अशी वाटणी झालेली दिसते. मुलांना अख्खं पत्र देणार.

अहवालाचंही तेच. शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, आणि धोका ज्या खात्रीने मांडला तेवढ्या खात्रीला आधार नव्हता, हे स्पष्ट लिहिलंय. सप्टेंबरच्या टिपणात पंतप्रधानांच्या कार्यालयाने गैरमार्गाने मजकूर घुसवल्याचा पुरावा नाही, हेही लिहिलंय. युद्ध कायदेशीर होतं की नाही, यावर निवाडा दिलेला नाही. 'चिल्कॉटने ब्लेअरना खोटारडा ठरवलं' असं सांगणारे मराठी लेख जालावर सापडले. त्यांच्या लेखकांनी सारांशसुद्धा उघडलेला दिसत नाही.

ब्रिटिश संसदेतलं युद्धाच्या ठरावावरचं १८ मार्च २००३चं मतदान ४१२ विरुद्ध १४९. आदल्या दिवशी मंत्री रॉबिन कुक यांचा राजीनामा, युद्धाच्या विरोधात. दोन्ही नोंदी कार्यवृत्तातून घेतल्या, विशेष काही नाही.

२१ जून

'इच्छुकांची आघाडी', म्हणजे अमेरिकेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या देशांची यादी. एका ओळीचं काम वाटलं होतं. वास्तविक व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या याद्या होत्या. इलिनॉय विद्यापीठातल्या स्कॉट आल्थॉस आणि कालेव्ह लीटारू यांनी २००८मध्ये जुन्या प्रती ताडून दाखवलं की काही याद्या नंतर बदलल्या गेल्या, काही काढून टाकल्या, आणि बदललेल्या पानावर तारीख मात्र जुनीच राहिली. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर मीही एकाच पानाच्या प्रती लागोपाठ उघडून पाहिल्या. डोळ्यांदेखत देश कमीजास्त होतात.

यातला कोस्टा रिका माझा आवडता. १९४८ पासून सैन्यच नसलेला देश, तरीही यादीत. सप्टेंबर २००४मध्ये तिथल्या घटनापीठाने सरकारचा पाठिंबा घटनेशी विसंगत ठरवला. मग आमचं नाव काढा, अशी विनंती करण्याची पाळी त्या सरकारवर आली. पलाऊ, मार्शल बेटं आणि मायक्रोनेशियाही यादीत होते. त्यांच्याकडेही फौज नाही.

नियम ठरला: सरकारी पानाचा दुवा देताना जतन झालेल्या प्रतीचा दुवा द्यायचा, आणि प्रत कधी जतन झाली ती तारीख लिहायची. पानावर छापलेली तारीख पुरावा धरायची नाही. ग्रंथपालांनी हे ऐकून मान डोलावली. त्यांच्या शिक्क्यांच्या रजिस्टरचा तोच नियम आहे म्हणे.

२७ जून

मृतांचे आकडे. या ओळीसाठी संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना बोलावलं. दुपारभर बसलो, वाद झाला, आणि मला तो हवाच होता.

समोर होतं ते असं. ऑक्टोबर २००४, लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक: युद्धाआधीच्या मृत्युदराच्या तुलनेत सुमारे ९८,००० जास्तीचे मृत्यू, मर्यादा ८,००० ते १,९४,०००. ऑक्टोबर २००६, पुन्हा लॅन्सेट: ६,५४,९६५, मर्यादा ३,९२,९७९ ते ९,४२,६३६. जानेवारी २००८, इराक सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेची पाहणी: जून २००६ पर्यंत हिंसाचारात १,५१,०००. २०१३, प्लॉस मेडिसिन हे नियतकालिक: २००३ ते २०११ या काळात सुमारे ४,०५,००० जास्तीचे मृत्यू, मर्यादा ४८,००० ते ७,५१,०००. आणि इराक बॉडी काउंट हा प्रकल्प, जो अंदाज बांधत नाही, तर बातम्या आणि नोंदींतून एकेक घटना जमवत जातो.

मी विचारलं, यातला खरा कोणता? मॅडम वैतागल्या. प्रश्नच चुकीचा, म्हणाल्या. पहिला, दुसरा आणि चौथा मोजतात 'जास्तीचे मृत्यू'. त्यात औषधाविना गेलेलं मूलही येतं. तिसरा मोजतो फक्त हिंसाचार. पाचवा मोजतो ज्याची कुठेतरी नोंद झाली तेवढंच, म्हणजे तो कमीत कमी धरलेला आकडा. मुदतीही वेगळ्या. एका आलेखात हे सगळे खांब उभे केले तर तो आलेखच खोटं बोलेल.

मग २००४च्या पहिल्या आकड्यावर आलो. युद्धसमर्थकांनी तेव्हा खिल्ली उडवली की ८,००० ते १,९४,००० हा काय आकडा झाला, कुठेही बाण मारावा. मॅडमचं म्हणणं, मर्यादेच्या टोकांची शक्यता मधल्या आकड्याइतकी नसते आणि घनघोर लढाई झालेल्या फल्लुजा शहराचा भाग तर संशोधकांनी हिशेबातून बाहेर ठेवला होता, कारण तो धरला असता तर आकडा फार फुगला असता. पण २००६च्या पाहणीबद्दल त्यांनाही शंका आहेत. घरं निवडण्याच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले गेले. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने २००९मध्ये मुख्य संशोधकाला पद्धतीचे तपशील न दिल्याबद्दल जाहीर ठपका ठेवला. दोन्ही पाहण्या अमेरिकी निवडणुकांच्या तोंडावर छापल्या गेल्या, याचाही त्यांच्या विरोधकांनी पुरेपूर वापर केला.

याच विषयात पाचव्या रकान्याला न्याय देणारे दोन कागद मिळाले. २००६ची पाहणी आली तेव्हा बुश आणि ब्लेअर सरकारांनी ती जाहीरपणे झटकली. त्याच आठवड्यात ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार रॉय अँडरसन यांनी आतल्या टिपणात लिहिलं होतं की पाहणीची रचना भक्कम आहे. माहिती अधिकारातून ते टिपण २००७मध्ये बाहेर आलं. त्याने ६,५४,९६५ हा आकडा सिद्ध होत नाही. मंत्र्यांना कोणता सल्ला मिळाला होता, एवढं सिद्ध होतं.

दुसरा कागद म्हणजे विकिलीक्सने २२ ऑक्टोबर २०१०ला उघड केलेले अमेरिकी लष्कराचे ३,९१,८३२ अहवाल. आम्ही मृत इराकींची मोजदाद ठेवत नाही, असाच सूर अमेरिकी अधिकारी जाहीरपणे लावत आले होते. या अहवालांत १,०९,०३२ मृत्यू आहेत, त्यांतले ६६,०८१ नागरिक म्हणून नोंदवलेले. सैनिक आपल्या वरिष्ठांना रोजच्या रोज कळवत होते. शत्रू कोण आणि नागरिक कोण हे मात्र गोळी झाडणाऱ्याच्या बाजूनेच ठरलेलं, हा मॅडमचा शेरा तसाच्या तसा शीटमध्ये घातला.

निर्णय: एक आकडा द्यायचा नाही. पाच ओळी, पाच व्याख्या, पाच मुदती. मुलं कुरकुरतील की परीक्षेत काय लिहायचं. कुरकुरू देत.

३ जुलै

फुटलेल्या कागदांचं काय करायचं, यावर बैठक. एकाचं मत, चोरीचा माल वापरू नये. दुसऱ्याचं, मग अर्धा आधुनिक इतिहास फेकून द्यावा लागेल. ठरलं ते असं: इराकच्या अहवालांतली एकूण बेरीज वापरायची, एकेका घटनेचा दुवा द्यायचा नाही. प्रकाशित करताना बरीच नावं खोडली होती हे खरं, पण कुठल्या गल्लीत कुणी खबर दिली हे आजही कुणाच्या जिवावर येऊ शकतं.

इराकमधल्या हदीथा शहरातल्या हत्याकांडाची नोंद पूर्ण. १९ नोव्हेंबर २००५. अमेरिकी लष्कराच्या पहिल्या निवेदनात रस्त्याकडेच्या स्फोटात एक मरीन आणि १५ नागरिक ठार. प्रत्यक्षात मरीन सैनिकांनी २४ इराकींना मारलं होतं. मार्च २००६मध्ये टाइम साप्ताहिकाने ते बाहेर काढेपर्यंत जगापुढे तेच निवेदन होतं. निवेदन आणि शोधवार्ता दोन ओळींत, एकाखाली एक.

८ जुलै

फल्लुजा आणि पांढरा फॉस्फरस, म्हणजे हवेत येताच पेट घेणारा पदार्थ. नोव्हेंबर २००५मध्ये इटलीच्या राय वाहिनीने अमेरिकेने रासायनिक अस्त्र वापरल्याचा आरोप केला. अमेरिकी परराष्ट्र खात्याचं संकेतस्थळ म्हणत होतं की हे गोळे रात्री उजेड पाडण्यासाठी हवेत सोडले, माणसांवर नाही. मग जालावरच्या वाचकांनी अमेरिकी तोफखान्याच्याच मासिकाचा मार्च-एप्रिल २००५चा अंक शोधून काढला. त्यात फल्लुजात लढलेले अधिकारी सहज लिहून जातात की बिळांत दडलेल्या बंडखोरांना बाहेर काढायला फॉस्फरस आणि मग स्फोटक गोळे, अशी जोडी वापरली. काही दिवसांत पेंटागॉनने ते मान्य केलं.

हा लेख तोफखान्याच्या माणसांनी तोफखान्याच्या माणसांसाठी लिहिला होता. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. या शीटमधला माझ्या मते सगळ्यात भक्कम कागद हाच.

दुसरी बाजूही लिहिली. पांढरा फॉस्फरस रासायनिक अस्त्रबंदीच्या करारात बंदी घातलेल्या पदार्थांत नाही. तो आगलाव्या अस्त्रांच्या नियमांखाली येतो आणि त्या विषयावरचा पूरक करार (प्रोटोकॉल) अमेरिकेने तेव्हा स्वीकारलेला नव्हता, तो २००९मध्ये स्वीकारला. 'रासायनिक अस्त्र' हा शब्द म्हणून आरोप करणाऱ्याच्या तोंडी ठेवलाय, आमच्या नाही.

१५ जुलै

आतापर्यंतची शीट चाळली. वॉशिंग्टन, लंडन, न्यूयॉर्क. इराकी कुठे आहेत? हा दोष आमचा एकट्यांचा नाही, इंग्रजी जालाचाही आहे, पण भरून काढायचं काम आमचंच.

सलाम पॅक्स या टोपणनावाने बगदादहून लिहिणारा तरुण आणि रिव्हरबेंड या नावाने लिहिणारी तरुणी, दोघांच्या जुन्या नोंदी वाचल्या. दोघंही अप्रतिम. पण इंग्रजी लिहिणारा बगदादचा सुशिक्षित वर्ग म्हणजे इराक नव्हे. हलब्जातल्या कुर्द माणसाला १६ मार्च १९८८ आठवतो, विषारी वायूने सुमारे ५,००० माणसं गेली तो दिवस. हिल्ल्याजवळ अल-महावील इथे मे २००३मध्ये सद्दामविरुद्धच्या १९९१च्या उठावानंतर मारलेल्यांची सामूहिक थडगी उघडली, तेव्हा नातेवाईक हाडं हुडकत होते. त्यांच्या लेखी सद्दामचा पाडाव म्हणजे काय होता, ते या युद्धाचा विरोधक म्हणून मला अवघड गेलं तरी कालपटात यायलाच हवं.

ह्यूमन राइट्स वॉचचे कागद इथे उपयोगी पडले. कुर्दांच्या संहारावर १९९३मध्ये सविस्तर अहवाल देणारी आणि महावीलची थडगी नोंदवणारी हीच संघटना. आणि २००४च्या वार्षिक अहवालात हीच सांगते की २००३चं युद्ध मानवतावादी हस्तक्षेपाच्या कसोटीला उतरत नाही. दोन्ही बाजूंना अर्धीच ऐकायला आवडते.

सद्दामच्या बाथ पक्षाचं दफ्तर २००८ ते २०२० अमेरिकेत, स्टॅनफर्डच्या हूवर संस्थेत होतं, मग इराकला परत गेलं. वाचायचं तर तिथे जाऊन बसावं लागे. सगळं जालावर असतं हा भ्रम इथे फिटतो. अमेरिकेने इराकमध्ये बसवलेल्या ताबा सरकारचे हुकूम मात्र घरबसल्या मिळाले: त्यांचं संकेतस्थळ टेक्सासच्या एका विद्यापीठाने जपून ठेवलंय. हुकूम क्रमांक २, २३ मे २००३, इराकी सैन्य बरखास्त. दोन-चार पानांचा कागद. त्यामागोमाग लाखो हत्यारबंद माणसं बिनपगारी झाली.

२२ जुलै

भारताची बाजू. एप्रिल २००३मध्ये लोकसभेने युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला, तेव्हा सभापतिपदी मनोहर जोशी होते. मग अमेरिकेने फौज मागितली, एक अख्खी डिव्हिजन. १४ जुलै २००३ला सुरक्षाविषयक मंत्रिसमितीने नकार दिला. निवेदन यशवंत सिन्हांनी केलं: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असता तर विचार करता आला असता. खरा वाद सुरक्षा परिषदेच्या २२ मेच्या ठराव १४८३चा होता, तेवढा आदेश पुरे की नाही. वाजपेयी सरकारातच दोन मतं होती.

इथे एक ओळ मोह आवरला नाही म्हणून घातली. २९ एप्रिल १९१६ला इराकमधल्या कुत इथे तुर्कांना शरण गेलेली ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन पुण्याची, तिच्यात ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, दुसऱ्याच्या युद्धासाठी फौज पाठवण्याचा अनुभव आपल्याकडे होता.

मराठी वृत्तपत्रांचं २००३चं लिखाण शोधताना दमछाक. तेव्हाची बरीच पानं युनिकोडच्या आधीच्या फाँटांत आहेत. जतन झालेली प्रत उघडते, पण दिसतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला. फाँट मिळाला, परिवर्तक लावला, तरी जोडाक्षरं तुटतात. त्यापेक्षा ग्रंथालयातल्या बांधीव फायली बऱ्या. दोन विद्यार्थ्यांना मार्च-एप्रिल २००३चे अग्रलेख फोटो काढून आणायला सांगितलंय.

३० जुलै

खर्डा दोघांना वाचायला दिला होता, एक तेव्हाचे युद्धसमर्थक, एक कट्टर विरोधक. दोघांची हरकत एकाच जागी: पहिल्या ओळीवर. आम्ही सुरुवात सुरक्षा परिषदेच्या ८ नोव्हेंबर २००२च्या ठराव १४४१ने, इराकला दिलेल्या शेवटच्या संधीने, केली होती. समर्थक म्हणतात २ ऑगस्ट १९९०, इराकच्या कुवेतवरच्या आक्रमणापासून सुरू करा, तेव्हाच कळेल सद्दामने किती ठराव धाब्यावर बसवले. विरोधक म्हणतात ३१ ऑक्टोबर १९९८पासून, कारण इराकमधला सत्तापालट हे धोरण अमेरिकी काँग्रेसने त्या दिवशीच्या 'इराक मुक्ती कायद्या'तच लिहून ठेवलं होतं, अस्त्रं हे निमित्त.

दोघांच्याही तारखा घेतल्या. मधे एप्रिल १९९१चा शस्त्रसंधीचा ठराव ६८७ आणि निर्बंधांची वर्षं आल्याशिवाय त्या दोन तारखा जुळत नाहीत, म्हणून तीही. निर्बंधांच्या काळातल्या बालमृत्यूंच्या आकड्यांवर पुन्हा मॅडमना त्रास द्यावा लागणार, कारण तिथलाही गाजलेला आकडा नंतरच्या पाहण्यांत टिकलेला नाही. मॅडम शुक्रवारी येते म्हणाल्या. तोवर ६८७ची पीडीएफ परिच्छेदवार वाचून काढतो.